तीन पानांचं पोट

साताऱ्याच्या कारखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा तिथे एसी कंप्युटरला होता आणि माणसांना पंखे. कंप्युटरच्या खोलीत गालिचा होता. दाराबाहेर चपला काढूनच आत जायचं असा नियम होता, आणि देवळातसुद्धा लोक इतक्या मुकाट्याने चपला काढत नसतील. आत एक मोठ्या ढेरीचा मॉनिटर, खाली यूपीएस आणि समोर मी. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते. वर्गात आम्ही दोनच मुली होतो, कारखान्यात तर मी एकटीच. त्यामुळे मला काहीतरी करून दाखवायचं होतं. काय आणि कुणाला, असं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आमच्याकडे स्कूटर-मोटरसायकलींचे ॲल्युमिनियमचे भाग ओतायचे. ओतायचे म्हणजे मोठ्या दाबाने साच्यात घुसवायचे. साच्याला तिथे कुणी साचा म्हणत नाही, डाय म्हणतात. पोलादाचे दोन जाडजूड ठोकळे. मशीन ते एकमेकांवर दाबून धरतं, मधल्या पोकळीत वितळलेला धातू मारतं, क्षणभर थांबतं आणि ठोकळे उघडून तयार भाग बाहेर टाकतं. ते दोन ठोकळे जिथे एकमेकांना भेटतात तिथे केसाएवढी जरी फट राहिली, तरी धातू तिच्यात शिरतो आणि भागाच्या कडेला पातळ पापुद्रा येतो. त्याला म्हणायचं फ्लॅश. फ्लॅश आला की मॅनेजरसाहेबांचा आवाज चढायचा आणि टूलरूममधल्या सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं.

टूलरूममध्ये डाय हाताने घासून, जुळवून तयार करायचं काम मिस्त्रींचं. त्यांचं गाव कोरेगावच्या अलीकडे, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्यावर. पंधरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढून आलेले, पन्नाशी ओलांडलेली, मिशा अजून फौजेतल्याच. घरी थोडा ऊस आणि थोडा घेवडा. मी आले त्या आठवड्यात बाकीचे लोक माझ्याशी काचेची बरणी असल्यासारखे वागत होते. मिस्त्रींनी सरळ माझ्या हातात स्क्रेपर दिला. पोलाद खरवडायचं ते हत्यार. म्हणाले, "धरा बाई. ह्ये हातात घेतल्याबिगर डाय कळत न्हाई." मी धरलं. पोलादावरून ते सरकलं आणि कागदासारखा बारीक कीस निघाला. मला इतका आनंद झाला की मी तो लपवला.

आणखी एक सांगायला हवं. ऑफिसच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. मी कुणाला बोलले नव्हते, बोलणार तरी कुणाला? तिसऱ्या की चौथ्या दिवशी कडी बसलेली होती. ती मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत बसवली होती हे मला महिनाभराने कळलं, तेही दुसऱ्या कुणाकडून. पुढे मी जे केलं ते अशा माणसाशी केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मिस्त्रींची काम करायची एक पद्धत होती. डायच्या एका अर्ध्या भागाला निळा लेप द्यायचा, दुसरा अर्धा भाग त्यावर बसवायचा, उचलायचा, आणि निळं कुठे उमटलं ते बघायचं. जिथे उमटलं तिथे टेकतंय, जिथे नाही तिथे फट आहे. एकदा मी बघत उभी होते. निळं फक्त मध्ये उमटलं होतं. कडा कोऱ्या.

"मिस्त्री, कडेला लागलंच नाही की."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते तसंच ठिवायचं आसतंय, बाई. डायला जरा..." ते अडखळले. "डायला जरा पोट हाय."

मागून एक फिटर म्हणाला, "कितवा लागला, मिस्त्री?"

सगळी टूलरूम हसली. माझे कान तापले. मिस्त्री माझ्याहून जास्त ओशाळले. "गप रं! काय बोलतोयस, कुणाम्होरं बोलतोयस!" असं ओरडले आणि लेपाचा डबा उचलून पलीकडे गेले. त्यानंतर त्यांनी तो शब्द माझ्यापुढे कधी काढला नाही. मीही विचारलं नाही. पोट म्हणजे काय, किती, कशासाठी, हे विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. पण चाळीस पुरुषांच्या समोर एका मुलीने तो शब्द उच्चारायचा, आणि तोही प्रश्न म्हणून? मी आपली माझ्या गालिच्यावर परत गेले.

पाहत मात्र होते. टूलरूमच्या भिंतीवर एका हार्डवेअरवाल्याने दिलेला तारखांचा डेटब्लॉक होता. रोज सकाळी मिस्त्री कालचं पान फाडायचे आणि टाकून न देता एका पत्र्याच्या डबीत ठेवायचे. डाय जुळवताना ती पानं चारी कडांना ठेवायची, वर दुसरा भाग बसवायचा आणि पान ओढून बघायचं. कधी दोन पानं, कधी तीन. "वढताना कुरकुरलं पायजे," एवढंच म्हणायचे. मला ती त्यांची लकब वाटली. काहींना तंबाखू मळताना तीनदा टाळी मारायची सवय असते, तसं काहीतरी.

मग ते इंजिनच्या झाकणाचं काम आलं. नवीन डाय, जुनं मशीन. पहिल्याच दिवसापासून झाकणाच्या एका बाजूला फ्लॅश. मिस्त्रींनी डाय उतरवून पाहिली, परत चढवली आणि मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "साहेब, डाय ठीक हाय. मशीन एका अंगाला वढतंय. खांबाचं नट बघाय पायजे." मशीनला मनगटापेक्षा कितीतरी जाड असे चार पोलादी खांब असतात. तेच डाय ओढून बंद धरतात. त्यांचे नट बघायचे तर मशीन दोन-तीन दिवस बंद ठेवावं लागणार होतं, आणि त्या मशीनवर आणखी दोन भाग चालत होते. मॅनेजरसाहेबांना मशीन बंद ठेवायचं नव्हतं. दोष डायमध्ये निघाला तर त्यांना हवा होता. ते माझ्या खोलीत आले, चपला न काढता, आणि म्हणाले, "तुझ्या त्या कंप्युटरला विचार बघू."

मी याचीच तर वाट बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा कुणी काही विचारलं होतं.

पद्धत सांगायला सोपी आहे. डायचं चित्र कंप्युटरमध्ये काढायचं, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, कुठे किती दाब आणि किती उष्णता हे सांगायचं, आणि मग प्रत्येक तुकडा किती सरकतो याची गणितं त्याला करत बसू द्यायची. पोलादसुद्धा दाबाखाली वाकतं. दिसत नाही इतकंच. मात्र गणित सुटायला एक गोष्ट आधी सांगावी लागते. काय हलणार नाही ते. कुठेतरी पाय रोवून दिल्याशिवाय कंप्युटर पुढे जात नाही. मी डायची पाठ पक्की धरली. ती ज्या मशीनवर बसते ते मशीन म्हणजे भक्कम पोलाद, ते कशाला हलतंय, असं मी गृहीत धरलं. पुस्तकातल्या उदाहरणात तसंच होतं. वीज मध्येच जायची, यूपीएस टिटवीसारखा ओरडायचा, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आठवड्याने उत्तर आलं. डाय वाकतच नव्हती म्हटलं तरी चालेल.

मग मी डाय टेबलावर ठेवून मोजली. मधल्यापेक्षा कडा खाली होत्या, जेमतेम मिलिमीटरच्या सातव्या भागाने. आणि ज्या बाजूला फ्लॅश येत होता तिथे किंचित जास्त. तो किंचित फरक पुन्हा मोजला असता तर कदाचित गेला असता. मी पुन्हा मोजलं नाही. कारण तो मला हवा होता.

रिपोर्ट छापायच्या आदल्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि गालिच्याच्या कडेला थांबले, हात पाठीमागे बांधून. हात तेलकट होते म्हणून. मी आत बोलावलं नाही, बसा म्हटलं नाही. पडद्यावर डाय रंगीत दिसत होती, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांची.

"लय भारी दिसतंय," ते म्हणाले. मग बराच वेळ बघत राहिले. "बाई, ह्येच्यात मशीन कुठं हाय?"

"मशीन घ्यावं लागत नाही, मिस्त्री. ते पक्कं धरलंय."

"पक्कं म्हंजी?"

"म्हणजे हलत नाही असं समजायचं."

त्यांनी मान वळवून काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर जुनं मशीन चालू होतं. प्रत्येक ठोक्याला माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरायचा. "आपलं मशीन हलत न्हाई?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरोखर विचारत होते.

मी हसले. ते हसू मला अजून आठवतं, म्हणून सांगते की ते न कळणाऱ्याचं हसू नव्हतं. त्या प्रश्नाने मला आत कुठेतरी टोचलं होतं. अर्धा क्षण, पण टोचलं होतं. पुन्हा आठवडाभर गणित, पुन्हा मॅनेजरसाहेबांना थांबा म्हणायचं, आणि कदाचित शेवटी मला जमलं नाही असं म्हणायचं. म्हणून मी हसले. ते "बरं" म्हणाले, बाहेर जाऊन पायरीवर बसून मोजे चढवले आणि गेले.

रिपोर्टात मी लिहिलं की डायची पृष्ठं सपाट नाहीत, हातकामात चूक झाली आहे, आणि एका बाजूला हात जास्त खोल गेला आहे. डाय ग्राइंडरवर धरून आरशासारखी सपाट केली. नेमकं त्याच पंधरवड्यात नवीन मशीन आलं, जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. सपाट डाय त्याच्यावर चढवली आणि झाकणं स्वच्छ निघायला लागली. नवीन मशीनचं नाव कुणी घेतलं नाही. कंप्युटरने चूक शोधली, असंच सगळीकडे झालं. मॅनेजरसाहेबांनी कंदी पेढे मागवले. मिस्त्रींनीही एक घेतला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, तुमचं खरं निगालं."

त्यांना टूलरूममधून काढून घासकामाला पाठवलं. तिथे भागांच्या कडेचा पापुद्रा कानशीने घासून काढतात. आयुष्यभर ज्याने पापुद्रा येऊ दिला नाही तो माणूस दिवसभर तो घासत बसला. चार महिने बसला. मग डोळ्यांचं कारण सांगून त्यांनी नोकरी सोडली. निरोपाचा नारळ देताना मी मागच्या रांगेत उभी होते.

दिवाळीच्या सुट्टीत जुन्या मशीनची दुरुस्ती झाली. एका खांबाचा नट खरंच ढिला होता. दुरुस्तीवाल्याने ते मला चहा पिता पिता, गंमत म्हणून सांगितलं. त्यानंतर काही दिवसांनी नवीन मशीन बंद पडलं म्हणून सपाट केलेली डाय जुन्यावर चढवली. आता फ्लॅश एका बाजूला नव्हता. झाकणाच्या सगळ्या कडेने, जाड, सगळीकडे सारखा. मी खोलीचं दार लावलं आणि पहिल्यांदा मशीन चित्रात घेतलं. चार खांब, डाय ज्यांच्यावर बसते ती पुढची-मागची पोलादी ताटं, सगळं. गणित लावून घरी गेले आणि सकाळी येऊन पाहिलं. धातूचा दाब आला की ताटं मध्ये वाकत होती, खांब ताणले जात होते आणि डाय मध्ये उघडत होती. प्रोग्राम हे सगळं पाचशे पटीने वाढवून दाखवतो. तव्यावर भाकरी फुगावी तशी ती दोन ताटं एकमेकांपासून दूर फुगत होती. म्हणजे थंड असताना डाय मध्ये थोडी उंच हवी, की दाबाखाली ती बरोबर सपाट बसेल. ती किती उंच हवी तो आकडा मी लिहून घेतला. मग टूलरूममध्ये गेले, डेटब्लॉकचं पान फाडलं आणि मायक्रोमीटरमध्ये धरून त्याची जाडी मोजली. भागाकार केला. तीन पानं. थोडं वरच.

हे मी पोटात ठेवलं.

नुसतं ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी ते वापरलं. जुन्या मशीनवरच्या सगळ्या डायची ड्रॉइंग्ज बदलून घेतली आणि प्रत्येकीच्या मध्यभागी ती उंची घातली, खाली माझी सही. पोट हा शब्द कुठेच आला नाही. त्याला इंग्रजीत 'क्राउन' म्हणतात, मी तेच लिहिलं. कुणी हसलं नाही. पुढे सांगलीला माझ्याच कॉलेजात मी त्यावर निबंध वाचला, रंगीत पारदर्शिका लावून. टाळ्या पडल्या. माझ्या एका जुन्या सरांनी विचारलं, "ही मशीन धरायची कल्पना कशी सुचली तुला?" मी म्हणाले, "अनुभवातून, सर." कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

मी दर पंधरा दिवसांनी सांगलीला घरी जायची. साताऱ्याहून गाडी सुटली की थोड्याच वेळात कोरेगाव येतं. फलाटावरून बाहेर पडलं की डाव्या हाताला मिस्त्रींच्या गावचा रस्ता. दीड वर्ष मी त्या स्टेशनावर उजव्या खिडकीतून बाहेर बघितलं. उजवीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, मालधक्का आणि काही बाभळी. जाऊन सांगावं असं दर वेळी वाटायचं. पण सांगितलं आणि ते कारखान्यात आले तर? मॅनेजरसाहेबांना कळलं तर? मग गाडी सुटायची, आणि सुटली की मला बरं वाटायचं. हे लिहितानासुद्धा मला स्वतःची चीड येते.

शेवटी मला सांगलीला कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. सातारा सोडताना बॅग घेऊन गाडीत बसले आणि कोरेगावला उतरले. धैर्य वगैरे आलं नव्हतं. आता गमवायला काही उरलं नव्हतं एवढंच.

दुपारची वेळ होती. अंगणात घेवडा वाळत घातला होता आणि मिस्त्री सावलीत बसून दोरी वळत होते. मला बघून उठले, अंगात शर्ट घालून आले. "आवं बाई, तुमी? या, या. बसा." घोंगडं टाकलं. घरातून त्यांच्या मंडळींनी पाणी आणलं. शेजारच्या म्हातारीने एक खुरपं आणून त्यांच्यापुढे टाकलं, धार लावून दे म्हणून. मिस्त्री म्हणाले, "आता न्हाई हुत गं आक्का. कोरेगावात दे." ती गेली.

मी विचारलं, "डोळे काय म्हणतात?"

"डोळ्यांस्नी काय झालं न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या रिपोटात आलं न्हवं, एका अंगाला हात खोल गेलाय म्हनून. मला तर दिसलंबी न्हवतं. म्हनलं, डोळं गेलं. मिरजंला जाऊन तपासून आलो. डाक्टर म्हनला, डोळं एक नंबर हायती." दोरीचा पीळ त्यांनी पायाच्या अंगठ्यात घट्ट धरला. "मग म्हनलं, हातच गेला. कसंय, माणसाला आपलं आपल्याला कळत न्हाई. तुमी मोजलासा म्हनून कळलं. तवापास्नं हत्यार हातात धरत न्हाई. उगं कुणाचं नुस्कान नको."

 मी बोलले. सगळं नाही, बरंचसं. नट ढिला होता. मी मशीन धरलंच नव्हतं. एका बाजूला जास्त खोल काही गेलेलं नव्हतं. "आणि मिस्त्री, पोट बरोबर होतं," मी म्हणाले. तो शब्द मी त्यांच्यापुढे पहिल्यांदा उच्चारला.

त्यांनी दोरी खाली ठेवली. मग म्हणाले, "किती आलं?"

"तीन पानं. थोडं वरच."

"तीनच," ते म्हणाले. "वरचं तुमच्या कागदाचं. आमचा डेटब्लॉक जाड हुता." आणि हसले. मग दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट करून बघत राहिले, दुसऱ्याचे असल्यासारखे. त्यांचे डोळे भरले होते. मी घेवड्याकडे बघत बसले.

"कवा कळलं ह्ये तुमाला?" त्यांनी विचारलं.

दीड वर्ष. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "झाला असेल महिना."

मिस्त्री उठून दारापाशी गेले आणि आत तोंड करून मोठ्याने म्हणाले, "आगं, ऐकलंस का! आपलं काम बरूबर हुतं म्हनं. बाईंस्नी कळलं तशा धावत आल्यात सांगाय. च्या टाक, आन् वाईच घेवडा बांद त्येंच्यासाठनं." मग माझ्याकडे वळले. "न्हाई तर कोन येतंय, बाई? लय केलासा."

मी चहा घेतला. घेवडाही घेतला.